जामनेरच्या ओसरीतले पालथे दगड

धुळ्यात मला लोक ‘पुतळ्यांच्या बाई’ म्हणत. नाव मालती भामरे, माहेर पिंपळनेर, आणि सगळी नोकरी आमच्या जुन्या चित्रशाळेच्या संग्रहालयात. चित्रं काढायला शिकवणारे शिक्षक वेगळे. त्यांच्या मागे जे उरायचं ते माझ्याकडे यायचं: जुन्या विद्यार्थ्यांची चित्रं, विलायतेहून आणलेल्या पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या नकला, परीक्षांचे कागद, फुटलेल्या रंगपेट्या. लग्नानंतर सासूबाईंनी विचारलं होतं, “तिथे तू नेमकं करतेस काय?” मी म्हटलं, “वस्तू खराब होऊ देत नाही.” त्या म्हणाल्या, “ते तर मी घरात रोज करते, मला कोणी पगार देत नाही.” त्यांचं काही चुकलं नव्हतं.

या कामात वाळवीइतकीच भीती उत्साही माणसांची असते. कोणी चित्र पुसून ‘स्वच्छ’ करून आणतं, कोणी फाटलेल्या कागदाला खळ लावून ठेवतं, आणि त्या खळीला झुरळं लागतात. आणि आमचे प्रेक्षक! उन्हाळ्यात बाजाराला आलेली माणसं दालनात गार वाटतं म्हणून भिंतीला टेकून झोपत. मी झोपू द्यायची, फक्त चित्रांना डोकं लावू द्यायची नाही. एकदा साक्रीकडच्या एका आजींनी ग्रीक पुतळ्याच्या कमरेला आपला रुमाल बांधला आणि मला म्हणाल्या, “त्याले थंडी वाजस ना!” मी तो रुमाल संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला.

पण एका प्रश्नानं माझी झोप उडवली होती. बहात्तरच्या दुष्काळाच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. शाळेला अनुदान देणारी समिती आली होती. समितीचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ, बोलायला मऊ. सगळं दालन पाहून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, “बाई, हे पुतळे परदेशी पुतळ्यांच्या नकला. ही मोठी चित्रं दुसऱ्यांच्या चित्रांवरून गिरवलेली. यात तुमच्या शाळेचं, खानदेशचं स्वतःचं असं काय आहे?”

मी विद्यार्थ्यांची चित्रं दाखवली. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. जाता जाता आमचे प्राचार्य शिंपी सर यांच्या कानावर आलं, की संग्रह मुंबईला हलवावा आणि दालनात टायपिंगचे वर्ग भरवावेत असा विचार आहे. श्रावणात समिती पुन्हा येणार होती, आणि तेव्हा काय ते ठरणार होतं.

सर हताश झाले होते. “भामरेबाई, त्यांचा प्रश्न बरोबर आहे,” ते म्हणाले. “आपल्या पहिल्या मास्तरांचीसुद्धा एक रेघ आपल्याकडे नाही.”

शाळेचे पहिले चित्रशिक्षक म्हणजे आत्माराम मास्तर. त्यांनी कानबाईच्या मिरवणुकीचं एक मोठं चित्र केलं होतं, असं जुनी माणसं ऐकीव सांगत. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते, दुसऱ्या दिवशी बाया तिला डोक्यावर घेऊन गात-नाचत नदीवर पोचवतात, ती मिरवणूक. मास्तरांनी ते चित्र शिळाप्रेसवर छापलं होतं आणि घराघरांत ते लागलं होतं म्हणे. पण भिंतीवर चिकटवलेला कागद किती टिकणार? चुन्याचा एक हात बसला की संपला. मला ते चित्र पाहिलेलं माणूस भेटलं नव्हतं, चित्र तर दूरच.

शिळाप्रेस म्हणजे काय ते इथे सांगितलं पाहिजे. एका खास जातीचा गुळगुळीत दगड येतो, आपल्याकडे तो जर्मनीहून यायचा. त्यावर चरबी मिसळलेल्या शाईनं उलटं चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. जिथे चित्राची चरबी आहे तिथे शाई बसते, बाकी ओल्या दगडाला ती चिकटत नाही. वर कागद ठेवून दाबला की चित्र सुलटं उमटतं. आमच्या शाळेचा असा छापखाना होता. नव्या तऱ्हेची छपाई आल्यावर तो बंद पडला आणि गाड्यांनी दगड विकले गेले. हे माझ्या जन्माच्या आसपासचं. मागच्या पडवीत लोखंडी प्रेस तेवढा राहिला होता, कारण तो कोणाला हलला नाही. आणि राहिला होता एक कोरा दगड. तो मी काचेखाली ठेवला होता, ‘हात लावू नये’ अशी पाटी लावून.

त्या पाटीपुढे उभे राहून एक दिवस एक गृहस्थ पोट धरधरून हसायला लागले. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, कानात अत्तराचा फाया. जामनेरचे धान्याचे व्यापारी, हिरालालशेठ. मुलीच्या लग्नाची खरेदी करायला धुळ्याला आले होते आणि ऊन टाळायला आत शिरले होते.

“बाई, याला काच लावली तुम्ही?” ते म्हणाले. “आमच्या ओसरीत असल्याच दगडांची फरशी आहे. आम्ही त्यावर ज्वारीची पोती टाकतो!”

मी विचारलं, “कुठून आणली फरशी?”

“आजोबांनी धुळ्याहूनच आणली. लिलावात. आता काढणार आहे सगळी. लग्नाआधी मोझॅकच्या टाइल्स बसवायच्यात. गवंडी ठरलाय. तुम्हाला हवे तर घेऊन जा दगड, माझं उचलण्याचं काम वाचलं.”

मी सरांना सांगून दुसऱ्याच दिवशी जळगावची बस धरली आणि तिथून जामनेर गाठलं. वाटेत मनातल्या मनात दालनात दगड मांडूनही झाले होते.

शेठजींच्या घरी गेले तर ओसरीच्या मधोमध पाट टाकून त्यांच्या आई बसल्या होत्या. सगळं गाव त्यांना माजी म्हणे. साठीला टेकलेल्या, ठेंगण्या, पांढऱ्या ओढणीचा पदर कपाळापर्यंत. समोर गवंडी पहार घेऊन उभा होता आणि बाजूला शेठजी घाम पुसत होते. काय चाललंय ते मला बघताक्षणी कळलं. माजी फरशी काढू देत नव्हत्या.

“हा ओटा माह्या सासऱ्यानं घातला,” त्या मला म्हणाल्या. “त्या टाइल्स मले नको आन् तुले दगडबी देनार नाही. तू धुळ्याची बाई, तुले आमच्या ओट्याचं काय?”

शेठजी माझ्याकडे आशेनं बघत होते. मी संग्रहालय, समिती, आत्माराम मास्तर, सगळं सांगितलं. माजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “चहा घेऊन जा.”

चहा येईपर्यंत मी ओसरीभर फिरले. आणि खरं सांगते, रडू आलं. दगड आमचेच होते. पण गुळगुळीत बाजू वर ठेवून बसवलेले, आणि चाळीस वर्षं रोज धुतलेले, सोड्यानं घासलेले. वाकून तिरक्या उजेडात पाहिलं तर एका कोपऱ्यात चारदोन उलटी अक्षरं दिसली न दिसली. बाकी सारं गेलेलं. किती चित्रं असतील त्या ओसरीभर! आमच्या शाळेचं निम्मं आयुष्य त्या घरानं केरसुणीनं झाडून टाकलं होतं, आणि त्यात त्यांचा काही गुन्हा नव्हता. फरशी होती, ती स्वच्छ ठेवली.

अशी खाली मान घालून चालत असताना देवघराच्या दारापाशी मला जोरात ठेच लागली. अंगठ्याचं नख उलटलं. घरातल्या सगळ्या सुना एकदम हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवून धावत आल्या.

“तिथं सगळ्यांलेच लागते,” एक सून म्हणाली. “ते दगड खडबडीत आहेत ना.”

माजींनी स्वतः हळद आणली, माझा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यावर दाबून धरली. मी वेदनेतही त्या दगडांकडे पाहत होते. बाकीची ओसरी आरशासारखी आणि देवघरासमोरचे एवढेच दगड ओबडधोबड, टाकीचे घाव दिसणारे.

“हे असे का बसवले?” मी विचारलं.

माजी हसल्या. “माह्यामुळं,” त्या म्हणाल्या. “मी नवी नवरी होती. सासरा गाड्या भरून दगड घेऊन आला. अंगणात उतरवले तेव्हा मी घुंगटातून पाह्यलं, काही दगडांवर देव काढेल. एकावर गणपती, एकावर लक्ष्मी, एकावर देवी डोक्यावर घेऊन बाया चालेल. गवंडी म्हणे, गुळगुळीत बाजू वर पाह्यजे. मी सासूले सांगितलं, देवावर मी पाय ठेवनार नाही. तुमी मले माहेरी धाडा, पन पाय ठेवनार नाही.”

“मग?”

“मग काय! सासरा लय रागावला. मी दोन दिवस खाली उतरली नाही. शेवटी त्यानं ते दगड पालथे घातले, तोंड खाली करून, देवघरासमोर. तेव्हापासून सगळं घर ठेचा खाते आन् मले बोलते. बोलू दे.”

मी म्हटलं, “माजी, अहो, या ओसरीतली सगळी चित्रं गेली. जगली असतील तर तुम्ही पालथी घातली तेवढीच.”

त्यांनी माझा पाय खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “आजून असतील?”

“खाली काय घातलंय? चुना की वाळू?”

“वाळू. चुना देवाच्या तोंडाले कसा लावायचा?”

आता मीच हसले. चुन्यानं चित्र खाल्लं असतं. वाळूनं नुसतं झाकलं होतं.

माजी उठल्या. गवंड्याला म्हणाल्या, “पहार ठेव बाजूले. हातानं काढ.” आणि मग मुलाकडे वळून, “आन् तू! तुह्या टाइल्स घाल. पन या बाईनं आपले दगड नेल्यावर.”

गवंड्यानं लाकडी पाचरी ठोकून एक एक दगड मोकळा केला. पहिला उलटला तो गणपती, कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा. दुसरी लक्ष्मी, कापडाच्या गाठीवरच्या छापाची. तिसरा दगड सगळ्यांत मोठा, चार माणसांनी उचलला. मी हातानं वाळू सारली. खाली पिवळा, काचेसारखा चकचकीत थर होता, आणि त्याखाली राखाडी पुसट रेषा. पावलं. बायांची कितीतरी पावलं, उजवीकडून डावीकडे चाललेली. वर, लुगड्यांच्या गर्दीच्याही वर, डोक्यावरची कानबाई.

“हीच ती,” माजी म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

हिरालालशेठचा ज्वारीचा ट्रक धुळ्याला येणार होता. त्यात केळीची पानं अंथरून त्यावर दगड निजवले. जळगाव मागे पडेपर्यंत मी ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होते. ड्रायव्हर म्हणाला, “बाई, आत माणूस निजेल आहे का?” मी म्हटलं, “तसंच समजा.”

दगड आले, पण छापणार कोण? शोधता शोधता कळलं की आमच्या छापखान्याचा जुना कारागीर हयात आहे, जळगावला लेकीकडे राहतो. नाव दगडू नाना. आयुष्यभर दगडांचंच काम आणि नावही तेच. त्यावर ते स्वतःच विनोद करत. सत्तरी उलटलेली, दृष्टी मंद, पण दंड अजून दोरखंडासारखे. त्यांना आणायला मी गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “डिंक शे का वरतून?”

“पिवळा थर आहे,” मी म्हटलं.

“तो मीच लायेल शे,” नाना म्हणाले. मग सावकाश सांगितलं: छापून झालं की दगडाला डिंकाचा हात द्यायचा, म्हणजे चित्र जपलं जातं. दगड फरशीसाठी विकायचे ठरले तेव्हाही त्यांनी सगळ्यांना डिंक लावला होता. छापखान्याचे साहेब ओरडले होते, विकायच्या दगडांना डिंक कशाला? “मी म्हनं, लायाशिवाय मना हातले चैन नही.”

आठवडाभर प्रेस साफ करण्यात गेला. शिंपी सरांनी स्वतः बाह्या सरसावून गंज घासला. मग एके सकाळी मोठा दगड प्रेसवर चढवला. सगळी शाळा पडवीत गोळा झाली होती. नानांनी कोमट पाण्यानं डिंक धुतला, रेषा थोड्या गडद झाल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी चिंधीवर टर्पेंटाइन घेतलं आणि चित्रावरून फिरवलं.

चित्र पुसलं गेलं.

एक रेघ राहिली नाही. पावलं नाहीत, लुगडी नाहीत, कानबाई नाही. समोर नुसता पांढुरका ओला दगड. शिंपी सर मटकन स्टुलावर बसले. मी ओरडलेच, “नाना, हे काय केलंत!” मला जामनेरच्या माजी दिसायला लागल्या. त्यांना मी काय तोंड दाखवणार होते?

नाना हसले. “घाबरू नका, बाई. चित्र कोठे गये नही. दगडमा शे.”

त्यांनी स्पंजनं दगड ओला केला. कातडी रूळ शाईवर घोळवला आणि दगडावरून फिरवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा रूळ पुढे गेला आणि त्याच्या मागून पावलं उमटायला लागली, काळीभोर, जणू आत्ताच कोणी चालत आलं. पुन्हा ओलं, पुन्हा रूळ. लुगड्यांचे काठ आले, हातातले डफ आले, एका बाईच्या कडेवरचं मूल आलं. शेवटी कानबाईचे डोळे आले. नानांनी ओलसर कागद ठेवला, वर कातडं ओढलं, दांडा दाबला आणि चाक फिरवलं. मग कागदाची दोन टोकं धरून, झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसा तो वर उचलला.

मिरवणूक आता डावीकडून उजवीकडे चालली होती. मागे पांझरेचं पात्र, पलीकडचा घाट, धुळ्याच्या माणसाला डोळे मिटून ओळखता येईल असा. आणि खाली कोपऱ्यात, आता सुलट झालेली अक्षरं: आत्माराम, धुळे.

शिंपी सरांनी ती अक्षरं मोठ्यानं वाचली आणि एकदम नानांचे पाय धरायला वाकले. नाना मागे सरकले. “हात काळा शेतस, सर,” ते म्हणाले. सरांनी ते काळे हातच हातात घेतले. त्यानंतर सगळ्यांनी आरडाओरडा केला, मीही.

चित्राला काच बसवून दालनाच्या मध्यभागी टांगलं. समितीची तारीख आली ती नेमकी कानबाई पोचवण्याच्या सोमवारची. आम्ही ठरवून केलं नव्हतं, पण झालं ते झालं. सकाळी पांझरेवर कानबाई पोचवून बाया परत निघाल्या आणि कोणीतरी सांगितलं, चित्रशाळेत कानबाई आलीय. मग काय विचारता! ओल्या लुगड्यांनिशी, हातात आरत्या घेऊन, डफ वाजवत बाया आत शिरल्या. माझी ‘हात लावू नये’ची पाटी कुठे गेली मला कळलंच नाही. काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटली. बाया चित्रातल्या बायांना ओळखायला लागल्या. “ही दखा, बठ्ठा आमना गल्लीना बाया शेतस!” एक म्हातारी सगळ्यांना दाखवत होती. रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली.

समितीचे अध्यक्ष त्या रांगेत उभे होते. शिंपी सर त्यांना बाजूच्या दारानं आत घ्यायला धावले तर ते म्हणाले, “नको, नको. माझा नंबर येतोय.” त्यांच्या हातात कोणी कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचा तुकडा ठेवला होता, तो खात ते पुढे सरकत होते.

त्याच सुमारास हिरालालशेठ माजींना घेऊन आले. बायांनी वाट करून दिली. माजी चित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या. दगडू नाना एका कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मी दोघांची गाठ घालून दिली. एकानं डिंक लावलेला, दुसरीनं पालथं घातलेलं. चाळीस वर्षं एकमेकांचा पत्ता नव्हता. नाना उठून उभे राहिले. माजी त्यांना म्हणाल्या, “भाऊ, तुमचं काम लय चांगलं.” नाना म्हणाले, “अक्का, तुमनामुळे दिखनं.” दोघंही मग ओशाळल्यासारखी चित्राकडेच पाहत राहिली.

माजींनी खालच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. “यावर काय लिहेल आहे?”

मी वाचलं. “चित्र: आत्माराम मास्तर. देणगी: हिरालालशेठ, जामनेर.”

“आन् छापलं यानं, त्याचं नाव?”

छापणाऱ्याचं नाव लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी तसं सांगणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टेबलावरून कोरी चिठ्ठी उचलली. लिहिलं: छपाई, दगडू नाना.

“आणि तुमचं?” मी विचारलं. “देणगी म्हणून लिहू?”

“मी काही दिलं नाही. सांभाळलं,” त्या म्हणाल्या.

मी लिहिलं: सांभाळ. पुढे ‘माजी’ लिहायला लागले तर त्यांनी माझा हात धरला.

“माजी तर सगळ्यांचीच असते. माहं नाव गुलाबबाई आहे. गुलाबबाई लिही.”

हिरालालशेठ आईकडे बघतच राहिले. माजींचं नाव इतक्या लोकांत त्यांनी तरी कधी ऐकलं होतं?

मी ठळक अक्षरांत लिहिलं आणि चिठ्ठी पहिल्या चिठ्ठीखाली लावली. तोवर अध्यक्षांचा नंबर आला होता. त्यांनी चष्मा पुसला, शिंपी सरांना म्हणाले, “संग्रह इथेच राहू दे,” मग वाकले, आणि मागच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. शेवटच्या नावापाशी डफ पुन्हा वाजायला लागले.